डब्यांखालचे नकाशे

आमचे हे मोजणी कार्यालयात नकाशे काढतात. तिथल्या लोकांनी ह्यांचं नाव 'होय साहेब' ठेवलंय, आणि त्यात खोटं काही नाही. साहेबांपुढे खाली गेलेली मान घरी येऊन चहा पोटात गेल्यावरच वर यायची.

ह्यांचं काम म्हणजे आमच्या वस्तीमागच्या पाणथळ जागेची दरवर्षी मोजणी. गुडघाभर चिखलात उतरायचं, पाणकणसं जिथे संपतात तिथे खुंट्या ठोकायच्या, बदकांची घरटी मोजायची आणि सगळी कड नकाशावर उतरवायची. काम चोख, त्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. पुढे मात्र नुसता तमाशा! नवा नकाशा मागच्या वर्षीच्या नकाशावर ठेवून उजेडात धरायचा, अशी तिथली रीत. रेघेवर रेघ बसली तर मोजणी बरोबर. नाही बसली तर मोजणाऱ्याचं चुकलं! अहो, मग दरवर्षी मोजायचं तरी कशाला? पण हे विचारायला डोकं लागतं.

एक कंत्राटदार तिथे राडारोडा आणून ओतत होता, त्यामुळे कड दरवर्षी आत सरकायची. साहेब लाल शाईने लिहायचे, 'जुळत नाही, दुरुस्त करा.' की आमचे हे बसले जुनीच रेघ गिरवायला. वर सहीही ठोकायचे. बावीस वर्षं!

परत आलेला खरा नकाशा हे घरी आणायचे. फेकवत नाही म्हणे. कागद चांगला जाड. मी तो कापून स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरायचे, जुन्यावर नवा, आणि वर डबे. निदान डब्यांना तरी ह्यांच्या नोकरीचा उपयोग!

दोन वर्षांपूर्वी पाणी आमच्या गल्लीत शिरायला लागलं. थांबायला त्याला जागाच उरली नव्हती. गेल्या खेपेला सासूबाईंना खुर्चीसकट उचलून शेजाऱ्यांच्या माडीवर न्यावं लागलं. आणि त्या कंत्राटदाराने उरलेली जागा बुजवायची परवानगी मागितली! सुनावणी लागली. त्याचं म्हणणं ऐका: "बावीस वर्षं भराव टाकतोय, सरकारी नकाशात कड बोटभरही हललेली नाही. माझ्यामुळे नुकसान झालं कुठे?" नकाशांवर सही कुणाची? आमच्या ह्यांची.

"खरे नकाशे घेऊन चला," मी म्हटलं.

"ते डब्यांखाली आहेत."

"माहितेय. मीच घातलेत."

सगळे डबे खाली उतरवले. कागद हातात घेतले आणि ह्यांचा चेहरा उतरला. "अगं, तारीख कुठाय?"

तारीख असायची उजव्या कोपऱ्यात. फळी अरुंद, म्हणून तो कोपरा मी दरवर्षी नेमाने कापला होता. एवढी वर्षं ह्यांच्या साहेबांना नावं ठेवली, आणि घरात अक्कल मी पाजळली! लाज वाटली मला, खरंच सांगते.

तरी गेलो. सुनावणी एका अधिकारी बाईंपुढे होती. तेलाचे डाग बघून कंत्राटदाराचा वकील फिदीफिदी हसला. "बिनतारखेचे कागद! कुठला कुठल्या सालचा, कोण सांगणार?"

"मी," म्हणत मी उठले. "हा सगळ्यात खालचा. ह्याच्यावर तेलाची बरणी फुटली, थोरलीच्या वेळी मला दिवस गेले होते तेव्हा. ती आता एकवीसची आहे. हा गंज पत्र्याच्या डब्याचा. धाकटी शाळेत गेली त्या वर्षी तो डबा फेकला, म्हणून ह्याच्या वरच्या कागदांवर गंज नाही. पुढचे सांगू?"

हसणं थांबलं. बाईंनी सांगा म्हटलं, आणि मी बावीसही सांगितले. त्यांनी ते ओळीने टेबलावर मांडले. कड कागदागणिक आत आत येत होती. शेवटच्या कागदावर सगळी पाणथळ माझ्या मिठाच्या बरणीच्या डागात मावत होती.

तेवढ्यात ह्यांचे साहेब खाकरले. "कार्यालयाच्या दफ्तराशी हे जुळत नाही." आणि ह्यांच्याकडे बघितलं, दरवर्षी बघायचे तसंच.

झालं, आता मान खाली जाणार, असं मला वाटलं. हे उभे राहिले.

"नाही साहेब," हे म्हणाले. "दफ्तरातले बावीसही खोटे आहेत. सह्या माझ्या आहेत, म्हणून मीच सांगतो. ही सांगते ते लिहून घ्या."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी भराव थांबवला, नव्याने मोजणी करायला सांगितलं. ह्यांच्यावर चौकशी बसली. बसू दे.

घरी जाताना आम्ही पाणथळीकडून गेलो. पूर्वी कडेने एक फेरी मारायला ह्यांचे चार दिवस जायचे. त्या दिवशी आम्ही दोघं पाव तासात फिरून परत त्याच खुंटीपाशी आलो. हेच 'नाही' पहिल्या वर्षी म्हणाला असतात तर, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण हे खाली बसून पाणकणसं मोजत होते, आणि मोजून संपली तरी उठत नव्हते. मीही शेजारी बसले.