पालथं मडकं

टीव्हीवर हवामानवाली बाई सांगत होती, पार तिकडं प्रशांत महासागराचं पाणी तापलं की आपल्याकडचा पाऊस हटतो. बाहेर गवंडी नव्या विटांवर पाणी मारत होता. त्या वासानं मी थेट बहात्तरच्या दुष्काळात पोचले, बेंबळीपलीकडच्या माझ्या सासरी.

ओळीनं दुसरं साल कोरडं चाललेलं. कच्च्या विटा भिजू नयेत म्हणून भट्टीवाल्या गंगूबाईनं मडकं पालथं घालून पाऊस बांधलाय, असं गावानं ठरवलं. तिच्या दारात पालथं मडकं सापडलंही. "म्या न्हाय वो बांधला!" ती ओरडत राहिली. बायकांनी तिला झिंज्या धरून शिवेपर्यंत ओढत नेलं. तिच्या कोपरांचं रक्त फुफाट्यात लगेच सुकत होतं.

ते मडकं मीच ठेवलं होतं. कोंबडीची पिलं झाकायला तिच्याकडून मागून आणलेलं, आदल्या दिवशी परत केलेलं. आत धूळ जाऊ नये म्हणून पालथं. मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या साली पाऊस धो धो कोसळला. सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस का गं? सटवीला हाकललं, तवा बरसला."

"व्हय," मी म्हणाले, आणि पागोळ्यांखाली आमचं मडकं सुलटं ठेवलं.