लाल ठिपक्याचे गौतममामा

गौतममामा कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसत. इंजिन चालू, दारं बंद, काचा वर, गाणं मात्र बंद. दोन मिनिटं डोळे मिटून बसायचे. बाहेर गिऱ्हाईक चुळबुळत उभं. मग मामा उतरत आणि एकेक दुखणं सांगत: डाव्या दाराचं रबर गेलंय, मागची नंबरप्लेट सैल आहे. "आधी गाडी काय बोलून राहिली ते ऐकावं," ते म्हणत, "मग तिला गायला लावावं."

माझ्या गाडीतून पहिल्यांदा उतरले तेव्हा म्हणाले, "सर, डिक्कीत काहीतरी खुळखुळतंय बघा." तो माझा खडूचा पत्र्याचा डबा होता. मी लातूरला गणित शिकवतो आणि दर रविवारी नांदेडला एका शिकवणीवर्गात तास घ्यायला जातो. खडू स्वतःचे लागतात. दुसऱ्याच्या खडूने माझं गणित सुटत नाही.

आता गणिताच्या मास्तराला सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा तो मोठा स्पीकर, कशाला हवा, हे माझ्या बायकोनेही विचारलं होतं. उत्तर सोपं आहे: डग्गा. मला तबल्याचं वेड. गाडीच्या मूळ स्पीकरमधून तबला नुसता टिकटिक वाजायचा, डग्गा बेपत्ता. लातूर ते नांदेड तीन तास ते ऐकण्यापेक्षा मी हौसेने सबवूफर आणि अॅम्प्लिफायर घेतला आणि एका टॅक्सीवाल्याने सांगितलं म्हणून मामांच्या नांदेडच्या दुकानात नेला. टायरच्या दुकानाशेजारी पत्र्याची शेड, बाहेर बाकडं, आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली तारांची भेंडोळी.

मामांचं काम बघत बसणं हा एक सोहळा होता. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची. मग बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. "आग बॅटरीपाशीच अडवायची, सीटखाली आल्यावर न्हाई." अर्थिंगच्या जागी पत्र्याचा रंग पार चकचकीत होईपर्यंत खरवडायचा. करंटची तार गाडीच्या एका बाजूने, आवाजाची दुसऱ्या बाजूने. शेजारी ठेवल्या की दोघी चुगल्या करतात आणि गाण्यात शिट्टी वाजते, असं त्यांचं शास्त्र.

आणि सगळ्यात शेवटी गेन. अॅम्पवरचं ते इवलंसं बटण आधी पार खाली. डेकचा आवाज पाऊणपर्यंत वर. मग मामा डोळे मिटून पेचकसाने ते बटण केसभर, केसभर फिरवत. आवाज जिथे फाटला तिथून किंचित मागे येत आणि थांबत. मग खिशातून मामींच्या लाल नेलपॉलिशची बाटली काढून बटणावर अर्धा आणि पत्र्यावर अर्धा, असा एक ठिपका लावत. कुणी बटण हलवलं की ठिपका मोडायचा आणि चोरी पकडली जायची. "गेन म्हंजे आवाजाचं बटण न्हाई सर," त्यांनी मला बजावलं. "डेकचं बोलणं अॅम्पनं किती कानावर घ्यायचं, त्याचं माप हाय ते."

मी मान डोलावली आणि घरी जाऊन विचार केला. ठिपका होता बटणाच्या निम्म्याच्याही अलीकडे. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद वाया! साधं समप्रमाण. वीस वर्षं हेच शिकवतोय मी. पुढच्या रविवारी निघताना मी नखाने ठिपका खरवडला आणि बटण शेवटपर्यंत पिळलं. चाकूरपर्यंत डग्ग्याचं पत्र्याचं पिंप झालं होतं, तरी मला तो दमदार वाटला. अहमदपूरच्या पुढे गाडीत जळका वास सुटला आणि सबवूफर कायमचा गप्प झाला.

मामांनी मोडका ठिपका बघितला, जळालेली कॉइल हुंगली आणि शांतपणे विचारलं, "लातूरला गणितच शिकवता न्हवं?" वर्गात माझ्यापुढे कुणाची हूं की चूं करायची टाप नाही, पण तिथे मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी नवी कॉइल बसवून नवा ठिपका दिला, आणि आमची दोस्ती त्या दिवसापासून. पुढे किती वर्षं तरी रविवारचा तास संपला की मी मामांच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. ते सवयीने माझ्या गाडीत दोन मिनिटं बसून यायचे आणि म्हणायचे, "डबा अजून तिथंच हाय." मी म्हणायचो काढतो, आणि काढायचो नाही.

पुढे कधीतरी त्यांनी डब्याचं नाव काढणं सोडलं. मला वाटलं, कंटाळले बिचारे सांगून सांगून.

मग त्या जीपचा दिवस आला. माहूरला भाविक नेणारी जीप होती, ड्रायव्हर ऐन उमेदीतला, आणखी दोन गिऱ्हाइकं बाकड्यावर. मामा गेन लावत होते. डोळे मिटलेले, पेचकस फिरतोय. आवाज फाटला. मामा थांबले नाहीत. आणखी केसभर, आणखी केसभर. गायिकेच्या घशात कुणी वाळू ओतल्यासारखी चरचर, आणि मामांच्या चेहऱ्यावर तेच समाधान. माझा स्वभाव तापट, तोंडाला लगाम नाही. मी ओरडलो, "अहो मामा, फाटलं की केव्हाच!"

मामांनी डोळे उघडले आणि आधी माझ्याकडे नाही, ड्रायव्हरकडे बघितलं. त्याला जोरात हवं होतं, तो खूष होता. मामांनी बटण थोडं मागे घेतलं आणि गाडी दिली. पण नेलपॉलिशची बाटली खिशातच राहिली. ठिपका न लावता त्या शेडमधून गेलेली मी पाहिलेली ती पहिली गाडी. परतीच्या रस्त्यावर मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की लोह्याचा फाटा कधी मागे पडला कळलं नाही.

पुढच्या रविवारी बाकड्यावर दुसरं कुणी नव्हतं. मामांनी स्वतःच विषय काढला. तरुणपणी कंधारला मिरवणुकीच्या ट्रकवर भोंग्यांच्या तोंडापाशी उभं राहून त्यांनी आठ-दहा वर्षं काढली होती. तेव्हा मौज वाटायची. आता जाड आवाज येतो, बारीक येत नाही. आणि आवाज फाटल्याची चरचर तर बारीकच असते. "वरसभर झालं सर, अंदाजानं करून राहिलो," ते म्हणाले. "मामीला सुदिक बोललो न्हाई."

मी कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर त्यांनी तिथल्या तिथे मोडता घातला. "कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडं गाडी कोन दील? गिऱ्हाईक माझ्या कानासाठी येतं." खरंच होतं ते. त्या शेडमध्ये त्यांच्या कानांशिवाय दुसरं भांडवल नव्हतं.

मग मला जे येतं ते मी केलं. स्पीकरच्या तारा सोडायच्या, मोबाइलवरून एकसुरी आवाज सोडायचा आणि अॅम्पच्या तोंडाशी मीटर लावायचा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. तीनशे वॅट आणि चार ओहम असतील तर बाराशेचं वर्गमूळ, म्हणजे चौतीस-पस्तीस. मीटरवर तेवढे व्होल्ट आले की थांबायचं. मामांना वर्गमूळ पटेना. "मीटरला काय कळतंय गाणं?" म्हणून फुरंगटून बसले. मी भिंतीवर खडूने मोठा तक्ता काढला, माझ्याच गाडीवर त्यांच्याकडून गेन लावून घेतला आणि मग दोघांनी ठिपका बघितला. जुन्या ठिपक्यापासून बटण जेमतेम केसभर सरकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माहूरच्या जीपवाल्याला फोन करून बोलावलं, गेन नव्याने लावला आणि ठिपका दिला.

धंदा वाचला. मला वाटलं, मिटलं. पण एका रविवारी मामा फोन कानाला दाबून नुसते "हाव, हाव" करत होते. देगलूरहून नात बोलत होती. फोन ठेवून म्हणाले, "गाडीला मीटर झालं सर. या लेकराला कोन्तं मीटर लावू? काय बोलती, एक अक्षर कळंना."

मी त्यांना लातूरला आणलं. रस्ताभर ते मशीन नको म्हणत होते आणि मी रस्ताभर भांडत होतो. तपासणाऱ्या मॅडमनी कानामागे छोटं यंत्र बसवलं, संगणकावर काही आकडे फिरवले आणि ऐकू येतंय का, आणखी वाढवू का, असं मोठ्याने विचारलं. मामांनी डोळे मिटले.

"मॅडम, गेन खाली घ्या. फाटून राहिलं," ते म्हणाले. "अजून. अजून केसभर. हां, बास. आता हलवू नका."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी अशी छाती फुगवली की जणू मीच त्यांना शिकवलंय.

बाहेर येऊन मी गाडी सुरू केली. मामा पुढे बसले नाहीत. मागचं दार उघडून आत गेले, काचा वर घेतल्या, मला गप्प बसायची खूण केली. दोन मिनिटं. मला आरशात त्यांचे मिटलेले डोळे दिसत होते आणि कानामागचं ते यंत्र. मग ते म्हणाले, "सर, खडूचा डबा अजून तिथंच हाय."

मी रडलो. गणिताचा मास्तर, भर रस्त्यात, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मामा मागून खांदा थोपटत म्हणत होते की अहो, साधा डबा आहे, काढून टाका.

गिऱ्हाइकं तुटली नाहीत. यंत्रावरच्या आवाजाच्या बारक्या चाकावर मामांनी स्वतः दिलेला लाल ठिपका बघून लोकांचा भरवसा उलट वाढला. अलीकडे मामांनी दुकान बंद केलं आणि ते देगलूरला नातीजवळ राहायला गेले. कधी लातूरला आले की मी त्यांना आणायला स्टँडवर जातो. ते मागे बसतात, डोळे मिटतात. डबा मी अजून काढलेला नाही. ते तक्रार करेपर्यंत मी गाडी हलवत नाही.