गड्ड्याच्या आठवड्यातली मोजणी

माणसाच्या वेळेला शिस्त लावणं हेच संस्कृतीचं खरं काम, असं त्या वयात माझं ठाम मत होतं. मी तेव्हा सोलापुरात एका गिरणीसमोरच्या हॉटेलात मॅनेजर होतो. हाताखाली चार वेटर होते.

हॉटेल भोंग्यावर चाले. पाळी सुटली की शंभर माणसं एकदम आत, अर्ध्या तासाने बाकड्यांवर फक्त माशा.

"चौघं मिळून माशांना वारा घालत्यात," मालक म्हणाला. "एक कमी करा."

मी वाचनालयातून कार्यक्षमतेवरचं एक जाड पुस्तक आणलं आणि त्यात सांगितल्याप्रमाणे आठ दिवस दर तासाची गिऱ्हाइकं मोजली. सगळ्यात म्हाताऱ्या वेटरला आम्ही मामा म्हणत असू; एका खेपेला तो आठ कप नेई. तो माझ्या वहीतल्या रेघा बघत उभा राहिला.

"गड्डा उठू द्या की सायेब, मग मोजा."

"आकड्यांना जत्रा नसते, मामा."

"आकड्याला नसंल. मानसाला हाय की."

गड्ड्याची जत्रा भरली होती. साडेतीनला पहिली पाळी सुटली की लोक चहाला न थांबता घर गाठत आणि बायकापोरांना घेऊन जत्रेला जात. हे मला ठाऊक होतं. मी स्वतः दोनदा मौत का कुआँ बघून आलो होतो. तरी वहीत दुपार रिकामी होती, आणि दुपारच्या गर्दीसाठी ठेवलेला चौथा माणूस मामा होता. मी पुठ्ठ्यावर सुबक तक्ता केला. मालकाने तो भिंतीवर लावला आणि मामाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मामाने फडक्याची घडी घातली. "माज्या जागी कोन?"

"कुणी नाही. गरज नाही."

"व्हय का," म्हणून तो गेला.

जत्रा उठली. साडेतीनचा भोंगा झाला आणि बसायला जागा उरली नाही. तिघे वेटर शिव्या खात पळत होते. मामाला परत बोलवू या, असं मी मालकाला म्हणालो.

"तुमीच लिवलंय न्हवं? रोज पुसायला ती काय शाळेची पाटी हाय?" तो भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून म्हणाला.

तरी मी मामाच्या चाळीत गेलो. खोलीला कुलूप होतं.

"लेकीकडं गेलं वैरागला," शेजारीण म्हणाली. "चार हाटेलं हिंडलं. ह्या वयात कोन ठेवून घेतंय?"

त्यानंतर साडेतीनला चहा मीच नेऊ लागलो. एका खेपेला मला तीनच कप जमत.