मुशीसरांचा मोठ्या तोंडाचा मासा

मुशीसरांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता आणि समुद्र दोनदाच पाहिला होता. तरी दर जूनमध्ये कॉलेज उघडलं, की प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर ते गुडघे टेकून बसत आणि पॅसेजच्या फरशीवर खडूने एक शार्क मासा काढत, खऱ्या मापाचा. डोकं आमच्या दारात, शेपूट केमिस्ट्रीच्या दारात. केमिस्ट्रीचे लोक कुरकुर करत. "मासा हलणार नाही, आपण हला," एवढंच सर म्हणत. कोकणात शार्कला मुशी म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

हा मासा म्हणजे मेगामाउथ. खोल पाण्यातला आणि इतका दुर्मीळ, की सर नोकरीला लागले तेव्हा शास्त्रज्ञांनाही तो ठाऊक नव्हता. याचं त्यांना दरवर्षी नव्याने नवल वाटे. जबडा माणूस वाकून आत शिरेल एवढा, दात मात्र तांदळाच्या कणीएवढे. "एवढं तोंड असून कुणाला चावत नाही. आमच्या नारायण पेठेत असा एक माणूस दाखवा!"

तो खातो कसा, हे दाखवायला ते बादलीभर पाण्यात राजगिरा टाकून आमच्या हाती चहाचं गाळणं देत. पाणी कल्ल्यांतून बाहेर, बारीक कोळंबीसारखे जीव पोटात. मी एकदा गाळणं भराभर फिरवून अर्धी बादली सांडली. "अगं, तो पोहतो. बस पकडत नाही," सर म्हणाले.

बस पकडायची घाई तेव्हा सगळ्या पुण्यालाच झाली होती. जो तो कॉम्प्युटर शिकत होता. शेवटच्या वर्षाला आम्ही नेमके दहाजण उरलो आणि दहाच्या खाली वर्ग चालणार नव्हता. त्यातच बाबांची कंपनी बंद पडायला आली आणि त्यांनी मला कॉम्प्युटरच्या पूर्णवेळ कोर्सला घातलं. कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन मी सरांच्या घरी गेले.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. काकू आतून म्हणाल्या, "अहो, एक वर्ष थांब म्हणावं तिला. तुमचा वर्ग जाईल."

"तिचं घर चालायला हवं," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तो मासा दिवसा खोल असतो, रात्री वर येतो. का? अन्न वर येतं म्हणून. त्याला कोणी फितूर म्हणत नाही." आणि सही केली. मला रडू आलं, तर म्हणाले, "कॉफी गार होतेय."

माझ्यामागून आणखी चौघं गेली. वर्ग बंद झाला, प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आले, आणि निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं सरांनी लायब्ररीत नुसती बसून काढली. मी विश्रांतवाडीहून कंपनीच्या बसने आयटीतल्या नोकरीला जात राहिले. त्यांना भेटायला काही गेले नाही, तोंडच नव्हतं.

सर गेल्याचं कळल्यावर मात्र गेले. काकूंना म्हटलं, "माझ्यामुळे वर्ग गेला."

"छे गं. बाकीच्यांनी शिपायाकडे अर्ज टाकले. समोर येऊन सांगायला ती एकटी आली, असं ते शेवटपर्यंत सांगायचे. फार अभिमान होता त्यांना तुझा."

मी मान खाली घातली. त्या दिवशी शिपाई रजेवर होता, म्हणून मी घरी गेले होते. हे काकूंना सांगायचं धैर्य मला आजवर झालेलं नाही.