जॉइनिंग फॉर्मवरचे दहा नंबर

अमरावतीच्या डेपोत मला गाडीत बसवताना बाबांनी कंडक्टरला तीनदा विचारलं, "अकोल्यालेच जाते ना हे गाडी?" समोर पाटी लटकलेली, तरी! मोझरीजवळ आमचा भाजीचा मळा. पण बाजारात दुसऱ्याची भेंडी शेंडा मोडून पाहिल्याशिवाय बाबा घेणार नाहीत. मला तेव्हा चारचौघांत लाज वाटली होती.

अकोल्यात जुन्या शहरात खोली घेतली आणि कॉल सेंटरला लागले. हेल्थ कार्ड विकायचं. फोनवर वैशालीची नेहा झाले. "मले-तुले इथं चालणार नाही," टीम लीडर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं. मोबाईल लॉकरमध्ये, बाथरूमला गेलं की मिनिटं मोजणार, आणि कोणता कॉल मॅडम गुपचूप ऐकताहेत ते कळायचं नाही. शेजारच्या खुर्चीवरची पोरगी डब्यातला ठेचा प्रेमानं द्यायची. मी खायची, पण मनात म्हणायची, हीच चुगल्या करत असेल. तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार.

आणि एवढी संशयी मी, जॉइनिंग फॉर्मवर ओळखीच्या दहा जणांचे नंबर मागितले, तर हौसेनं लिहून दिले! गावातल्या माणसांनो, ते नंबर तुमचे होते. सगळ्यात वर बाबांचा.

चार महिन्यांनी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यातून बाबांचा फोन आला. "पोरी, तुयं कार्ड इथं चालत नाई म्हंतात."

"माझं कोणतं कार्ड?"

"तुयाच ऑफिसातून फोन आला होता ना! म्हने वैशालीनंच नंबर देला. मंग मी काहून इचारत बसू? भरले पैसे."

मॅडमना जाब विचारला तर हसल्या. "नंबर तूच दिलेस ना? लीड म्हणतात त्याला, आयतं गिऱ्हाईक." शेजारची पोरगी मान खाली घालून बसली होती. बाबांना फोन तिनंच केला होता. मी त्याच दिवशी नोकरी सोडली.

आता अकोल्यातच कापडाच्या दुकानात आहे, स्वतःच्या नावानं. आईचं ऑपरेशन पुढं झालं, मळा गहाण टाकून. कामाला बाहेर निघालेल्या पोरींनो, फॉर्मवर काय लिहिता ते दोनदा वाचा गं.

घरी फोन केला की माझा नंबर दिसत असूनही बाबा आधी खात्री करून घेतात. विचारतात, "वैशाली असशीन तं सांग, आपल्या विहिरीले पायऱ्या किती?"

"सतरा, बाबा."

"हं. बोल."

जगात एकच जागा होती, जिथं मी कोण हे सांगावं लागत नव्हतं. ती मीच माझ्या हातानं फॉर्मवर लिहून दिली.