एकटीला जमेल?

रोज सकाळी मधली बहीण इस्त्रीचा कुडता घालून, केस विंचरून, मोबाइल समोर ठेवून बसायची. मुलाखतीचं बोलावणं आलं तर धांदल नको. दुपार कलली की कुडता पुन्हा हँगरला जायचा. ती कामाला होती ते कुरिअरचं ऑफिस बंद पडल्यापासून हे असंच चाललं होतं. थोरल्या बहिणीच्या घरात तिला कुणी जा म्हणत नव्हतं. पण भाऊजी हल्ली टीव्हीचा आवाज कमी करून तिची चौकशी करायचे, आणि ती चौकशीच जास्त टोचायची.

एकदाचं बोलावणं आलं. वॉशिंग मशिन दुरुस्त करायला घरोघरी माणसं पाठवणारं नवं स्टार्टअप.

"तोंडाला कुलूप लावून बसू नकोस," थोरली म्हणाली. "आणि नको तिथे उघडूही नकोस."

"मग करू काय?"

"काहीही विचारलं तरी हो म्हण."

मालक भाच्याएवढा, पायात स्लिपर. "सर-बीर नको, नावानेच हाक मारा," म्हणाला. तिची जीभ रेटेना. तिने हाक मारायचंच टाळलं. प्रश्न त्याने विचारलेच नाहीत. "दुपारपर्यंत बाईंजवळ बसा. काम बघा. मग बोलू."

बाई म्हणजे फोनवर बसणाऱ्या, केस पिकलेल्या, एसी सोसत नाही म्हणून शाल ओढलेल्या. हातचं काही न राखता त्यांनी सगळं दाखवलं. कुठल्या गिऱ्हाइकाला आधी फोन करायचा, कुठला मेकॅनिक कुठल्या घरी पाठवायचा नाही.

"तो तसा वाघ आहे हो. फक्त कुत्रं दिसेपर्यंत."

मधलीला खूप दिवसांनी हसू आलं.

"मदतीला कुणीतरी द्या म्हणून कधीची मागे लागले होते," बाई म्हणाल्या. "बरं झालं बाई, तुम्ही आलात."

दुपारी काचेच्या खोलीत मालकाने दार लावून घेतलं. "बघितलंत ना सगळं? एकटीला जमेल?"

मधलीला आधी उमगलंच नाही. "आणि बाई?"

"त्यांचं बघू आपण. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला जमेल का, तेवढं बोला."

काचेपलीकडे बाई रिसीव्हर खांद्याला टेकवून कुणाची तरी समजूत काढत होत्या. काहीही विचारलं तरी हो म्हणायचं ठरलेलं होतं. उद्याची सकाळ, परवाची सकाळ, भाऊजींचा रिमोट.

"एकटीला नाही जमणार," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "बाई असतील, तर जमेल."

त्याने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. "कळवतो."

बाहेर बाईंनी रिसीव्हरवर हात धरून विचारलं, "काय म्हणाला? कधीपासून?"

"कळवणार आहेत."

"कळवेल हो. मी टाकते ना शब्द."

मधली जिना उतरू लागली. बाईंना सांगायला हवं होतं का? ती कठडा धरून थांबली, वर पाहिलं, आणि खाली उतरली.

घरी थोरली दारातच उभी होती. "काय विचारलं? हो म्हणालीस ना?"

"अगं, चपला तरी काढू दे," मधली म्हणाली.