वयाची सूट

भिसेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू पन्नाशीनंतर पूल, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने भोकात घालायचा खेळ, खेळायला शिकल्या. आता स्पर्धांच्या बक्षिसांवरच त्यांचं घर चालतं. पदर खोचून टेबलावर वाकल्या, की त्या कोणाशी बोलत नाहीत. काठीच्या टोकाला लावायच्या खडूने निळी झालेली बोटं तेवढी साडीला पुसत राहतात.

खोपोलीच्या स्पर्धेत मी सोबत होते. समोरच्या तरुणाला जिंकायला शेवटचा काळा बॉल हवा होता. तो अगदी भोकाच्या तोंडाशी होता, तरी त्याने मुद्दाम चुकवला.

"काकू, घ्या तुम्ही," तो हसला.

काकूंनी काळा बॉल आणि ज्याने तो मारायचा तो पांढरा, दोन्ही होते तिथे परत ठेवले. "दया नको रं. नीट मार."

त्याने मारला. काकू हरल्या. मी हळहळले, तर म्हणाल्या, "आता मला कोन सूट देनार नाय. मी पन देनार नाय."